कीचेनवर फुकट मिळालेलं तिकीट

मी तिकीट बोलतोय. जवळ या, पण नाकाला रुमाल लावून या. ज्या खिशातून मी आलोय, त्याची घाण अजून माझ्या अंगाला आहे.

जन्म माझा चांगल्या घरचा. जाड कागद, निळी किनार, ठसठशीत अक्षरं. एका थोर गायिकेच्या अखेरच्या मैफलीचं तिकीट मी. दुसरी रांग, चौदावी खुर्ची. छापखान्यातून निघालो तेव्हा काय रुबाब होता माझा!

खिडकीमागे गठ्ठ्यात बसून मी रांग बघत होतो. अकरावा नंबर एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा. पुढच्या माणसाला ती सांगत होती, "आईला आणायचंय हो. एक कान गेलाच, दुसराही चाललाय. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन महिने. आमची आई हिचीच गाणी गुणगुणत मशीन चालवायची." मी ठरवूनच टाकलं, जायचं तर हिच्या हातात.

कसलं काय! पुढचे दहाच्या दहा जण एकाच माणसाने उभे केलेले भाडोत्री निघाले. त्या माणसाला सगळे गोड्या म्हणतात, जिभेवर सतत साखर असते म्हणून. दहा जणांनी गठ्ठाच्या गठ्ठा उचलला आणि खिडकी खाडकन बंद झाली. नव्या नियमाप्रमाणे माझ्या पाठीवर घेणाऱ्याचं नाव लिहिलं होतं. ते नाव एका भाडोत्र्याचं.

नियम आणखीही होता. छापील किमतीपेक्षा एक पैसाही जास्त घेऊन तिकीट विकायचं नाही. भिंतीवर हा एवढा मोठा फलक! गोड्या त्याच फलकाला टेकून उभा राहायचा.

दुसऱ्या दिवशी ती बाई शोधत त्याच्याकडे आली.

"तिकीट? छे छे, ताई, तिकीट विकणं गुन्हा आहे," गोड्या म्हणाला. "मी कीचेन विकतो. हे घ्या. पावती देतो. तिकीट त्याच्यावर फुकट."

एका फुटकळ पत्र्याच्या कीचेनची किंमत माझ्या बारापट! शी! बाईच्या महिन्याभराच्या मजुरीत एकच कीचेन बसलं. म्हणजे आई आत, लेक बाहेर.

"पण यावर नाव दुसऱ्याचंच आहे."

"ते कोण बघतंय, ताई? बिनधास्त जा."

बघितलं ना! मैफलीच्या संध्याकाळी दारात तपासनीस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात लाल शिक्का. "नाव जुळत नाही. काळ्या बाजारातलं तिकीट." म्हातारीला काही ऐकू येईना, ती नुसती हसून मान डोलवत होती. लेकीनं हात जोडले, गोड्याकडे बोट दाखवलं. तो दहा पावलांवर चहा पीत होता.

"मी तर कीचेन विकलं, साहेब. पावती बघा."

तपासनीसानं पावती बघितली, परत दिली आणि वर "बरोबर आहे" म्हणाला. शिक्का पडला तो माझ्या तोंडावर. रद्द! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. तुमच्या कायद्याची मला किळस येते. विकणाऱ्याला त्यातून हत्ती जाईल एवढं भोक आणि घेणाऱ्याच्या गळ्याला फास. अहो, नियम करायचा तर त्या चहा पिणाऱ्याची मानगूट धरेल असा करा, नाहीतर तो फलक तरी उतरवा. लाज वाटते त्याच्याकडे बघून.

आत्ता मी म्हातारीच्या मुठीत आहे. दोघी सभागृहाच्या भिंतीला लागून बसल्यात. आत टाळ्यांचा कडकडाट झाला, मग सगळं शांत झालं आणि पहिला सूर लागला. अगदी स्वच्छ ऐकू येतोय तो, मलासुद्धा.

म्हातारीनं लेकीची बाही ओढली. "सुरू झालं का गं?"

लेकीनं डोळे पुसले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हणाली, "नाही, आई. अजून नाही."