रोल नसलेला कॅमेरा

कॅमेरा समोर आला की फोटोवाल्याच्या आईची पार गाळण उडायची. पोटचा पोरगा वीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवतोय, आणि हिचा एक धड फोटो घरात नाही! कुठे डोळे मिटलेले, कुठे तोंडावर हात. सोमवारी तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती. लग्न होऊन लांब गेलेल्या धाकट्या बहिणीने तर फोनवर धोशाच लावला होता, "दादा, त्याआधी तिचा एक हसरा फोटो काढून ठेव."

रविवारी दुपारी त्याने आईला स्टुडिओतल्या स्टुलावर बसवलं. घाबरट गिऱ्हाइकांसाठी त्याची एक युक्ती होती. आधी रोल न घातलेला जुना कॅमेरा घ्यायचा, गप्पा मारत उगाच खटके दाबायचे आणि माणूस सैलावला की मग खरा कॅमेरा उचलायचा. आईला हे त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती पुन्हा आखडून बसली असती.

"किती रोखून बघतोस मेल्या," आई म्हणाली. "शाळेच्या पहिल्या दिवशी दाराला चिकटून असाच बघत होतास माझ्याकडे." आणि ती मनापासून हसली, सरळ कॅमेऱ्याच्या काचेत बघून. त्याच्या बोटाने सवयीने खटका दाबला.

खरा कॅमेरा घ्यायला तो वळला, तोवर आई स्टुलावरून उतरलीसुद्धा. "झाला ना? आज मी नाही घाबरले." तिला धाप लागली होती. तिला पुन्हा बसवायला त्याचं मन धजेना. घरी परत आली की काढू, असं त्याने ठरवलं.

आई परत आलीच नाही.

आठवड्याने बहीण स्टुडिओत आली. "दादा, तो फोटो दे. आत नेण्याआधी तिने मला फोन केला होता. म्हणाली, या खेपेला छान आलाय, बघच तू."

रोल खराब झाला म्हणावं, असं त्याला क्षणभर वाटलं. पण जीभ रेटेना.

"कॅमेऱ्यात रोल नव्हता," तो म्हणाला.

बहिणीला त्याची युक्ती ठाऊक होती. तिला सगळं कळलं. "आईला माहीत होतं?"

"नाही."

"मग असू दे," ती डोळे पुसत म्हणाली.

"माझ्याकडे बघून हसली गं ती," तो म्हणाला, आणि तिथेच खाली बसून लहान मुलासारखा रडायला लागला.