श्वासाची खूण

पेन्सिलीचं ते थोटूक बोटाच्या पेराएवढंच उरलं होतं, तरी आई त्यानंच टेबलावर ठोके देत होती. एक ठोका म्हणजे इथं श्वास घ्यायचा. डोळे मिटून ती गुणगुणत होती, मध्येच अडून पुन्हा मागच्या शब्दापासून सुरुवात करत होती, आणि समोर बसलेली लेक दुसऱ्या एका टोकदार पेन्सिलीनं प्रत्येक ठोक्याला वहीत शब्दाच्या डोक्यावर एक बारीक टिकली काढत होती. आईचा चष्मा नव्या काचांसाठी दुकानात गेला होता. तो असता तर खुणा तिनंच केल्या असत्या. त्या कामाला ती कधी कुणाला हात लावू देत नसे.

पदांची ती वही आईची नव्हती. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीची होती.

नाट्यमंडळ हौशी. औषधांच्या दुकानाचे मालक दिग्दर्शक, नायक दिवसा लोकांच्या घरी विजेची कामं करणारा, आणि पेटीवर आई, जिला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. यंदा आजोबा-पणजोबांच्या काळातलं संगीत नाटक काढलं होतं. तेवीस पदं, त्यांतली नऊ नायिकेची, आणि नायिका म्हणून आईनं सात जणींचं गाणं ऐकून त्या मुलीला निवडलं होतं. हिच्याकडे, म्हणजे लेकीकडे, नाटकाची वही. वीस वर्षं विंगेत उभं राहून ती इतरांना त्यांची वाक्यं पुरवत आली होती. दिवसा छापखान्यात मुद्रितं तपासायची, संध्याकाळी वही धरायची. दोन्हीकडे काम एकच, दुसऱ्यांच्या चुका दिसू न देणं.

चौदाव्या वर्षी तिनं आईला एक पद म्हणून दाखवलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, अख्खं. आईनं शेवटपर्यंत ऐकलं, हात पुसले आणि म्हणाली, “सूर आहे तुला. पण तू वही फार छान धरतेस.” त्यावर काय बोलायचं असतं? तिनं वही धरली.

“आता तिसऱ्या अंकातलं शेवटचं,” आई म्हणाली. नायक निघून जातो, नायिका उंबऱ्याशी उभी राहते आणि म्हणते — *न येशी परतुनी तरि, वाट ही राहो.* आईनं ओळ एकदा म्हटली, ‘तरि’वरची तान घेतली, थांबली, मान हलवली. मग पुन्हा घेतली, या वेळी छोटी करून. “लहान चणीची आहे गं ती. एवढा दम नाही पुरायचा.” तिसऱ्यांदा. आणि मग ‘तरि’ संपता संपता अगदी हलका ठोका. “इथं घेऊ दे तिला श्वास. नाहीतर बिचारी धापा टाकेल.”

बिचारी.

आईला त्या मुलीचा श्वास मोजून माहीत होता... कुठं पुरतो, कुठं संपतो, कुठल्या शब्दाशी तिची छाती रिकामी होते. माझा श्वास किती लांब आहे हे तुला ठाऊक आहे का गं? सर्दी झाली की शेगडीवर पाणी ठेवायचीस, पाठ चोळायचीस, पण तो किती लांब आहे? — असं काही तिच्या मनात आलं, की नंतर, पुढच्या दिवसांत, तिनंच तिथं नेऊन ठेवलं, हे आता सांगता यायचं नाही. पेन्सिल ‘तरि’वर टेकली होती हे नक्की. ती उचलली गेली, दोन शब्द पुढे सरकली, आणि ‘ही’च्या डोक्यावर टिकली उमटली. तानेसकट ‘वाट ही’पर्यंत सगळं एका दमात. फक्त ‘राहो’ उरेल.

“केलीस?” आईनं डोळे न उघडता विचारलं.

“केली.”

त्या संध्याकाळच्या तालमीत नायक नेहमीसारखा दुसऱ्याच वाक्याला अडला आणि विंगेकडे मान वळवून म्हणाला, “ताई, जरा मोठ्यानं सांगत जा. तिसऱ्या रांगेत माझ्या सासऱ्यांना ऐकू जातं, मला जात नाही!” दिग्दर्शक ओरडले, “ती कशाला ओरडेल? तू पाठ कर की! गोळ्या देऊ का स्मरणशक्तीच्या?” सगळे हसले, आईही. मग ते पद आलं. मुलीनं तान घेतली, ‘वाट’पर्यंत कशीबशी पोचली, आणि आवाज चिरकला. तिनं पुन्हा घेतलं, पुन्हा चिरकला. तिसऱ्यांदा ती खोकायलाच लागली, डोळ्यांत पाणी. विंगेत उभ्या असलेल्या हिला आत कुठंतरी गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं — थोडंसंच, पण वाटलं.

“खूण कुठं आहे बघ,” आई पेटीवरून म्हणाली.

“‘ही’वर आहे बाई.”

आईचा भात्यावरचा हात तसाच. मग विंगेकडे, लेक जिथं उभी असते त्या अंधाराकडे तिनं पाहिलं. चष्म्याशिवाय तिला काही दिसणं शक्यच नव्हतं.

“मग माझाच ठोका चुकला असेल,” ती म्हणाली. “वय झालं. उद्या चष्मा आला की बघते.”

घरी जाताना तिनं लेकीचा दंड धरला होता, पायऱ्या दिसत नव्हत्या म्हणून. वाटेत बोलली ती एवढंच, की दूध संपलंय, आणि कोपऱ्यावरचा दिवा पुन्हा गेलाय. आता सांगावं, आता... असं लेकीला प्रत्येक वळणावर वाटत होतं. पण इतक्या लहान गोष्टीसाठी शब्द कुठून काढायचे? उद्या खोडरबर घ्यावं, खूण मागे आणावी, कुणाला पत्ता लागायचा नाही. सकाळी ती दूध घेऊन आली तेव्हा आई खुर्चीत बसली होती, चप्पल घालायला वाकावं तशी किंचित वाकून, आणि उठली नाही. दुपारी ती मुलगी नव्या काचांचा चष्मा घेऊन आली. दारात माणसं बघून तिथंच थबकली. चष्म्याची डबी तिच्या हातातून घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

आज सात आठवड्यांनी रंगीत तालीम. पेटीवर शाळेतले संगीताचे मास्तर. पडद्यामागे रंगाचा आणि जुन्या कपड्यांचा वास. ती मुलगी नायिकेच्या वेशात विंगेत येऊन हिच्या शेजारी उभी राहिली. दोघींच्या कोपरांत टीचभर अंतर.

“ताई, एक सांगू? त्या पदाचं मला जमतच नव्हतं. मास्तर म्हणाले, खूण मागे घे, सोपं होईल, कुणीही मागेच घेईल. मी म्हटलं, नाही. बाईंनी दिलेली शेवटची खूण आहे, ती मी हलवणार नाही.” ती हसली, खाली बघत. “रोज दुकानाचे तीन जिने म्हणत म्हणत चढते. गिऱ्हाइकं म्हणतात, हिला दमा झाला. पण बाईंना कळलं होतं ना, की मला जमेल... माझ्या आईला सुद्धा माझ्याबद्दल एवढी खात्री नाही.”

हिनं वहीचं पान उलटलं. उलटायचं नव्हतं, पुन्हा मागे घेतलं.

मग ती मुलगी रंगमंचावर गेली आणि उंबऱ्याशी उभी राहिली. *न येशी परतुनी तरि* — तान सुटली, लांबत गेली, आणि जिथं संपायला हवी तिथं संपली नाही, तशीच *वाट ही* वर उतरली, अगदी टोकाला पोचलेली, आता तुटेल, आता... आणि तिथं श्वास. रिकाम्या सभागृहात तो ऐकू आला. त्या एवढ्याशा पोकळीत, राहो की न राहो हे अजून ठरलेलं नव्हतं. मग *राहो*. दिग्दर्शकांनी चष्मा काढून पुसला. मास्तरांचा हात पेटीवर तसाच राहिला, सूर धरून.

चांगलं झालं होतं. आईनं सांगितलं होतं त्याहून चांगलं, हे वीस वर्षं ऐकत आलेल्या कानांना चुकवता येईना. हिच्या हातून झालेली एकमेव लबाडी त्या मुलीच्या गळ्यात रुजली होती, वर आईच्या नावानं. आईच्या माथी न केलेली चूक आली आणि त्या मुलीला बाईंचा विश्वास मिळाला. आपल्या वाट्याला पुन्हा वही. हा मत्सर तर तोच होता, सात आठवड्यांपूर्वीचा, त्याचा एक टवकाही उडाला नव्हता. गप्प राहिलं तर आई कायमची चुकलेली राहील. बोललं तर... तर ते कुणासाठी बोललं असेल?

“बाई असत्या तर...” खालून दिग्दर्शक म्हणाले.

मुलगी धापा टाकत विंगेत आली. पाण्याचा तांब्या उचलता उचलता म्हणाली, “जमलं का ताई? खुणेपाशी?”

इतरांची वाक्यं पुटपुटून पुटपुटून हिचा आवाज कुजबुजीपुरताच उरला होता. तिनं वही मिटली. बोट मात्र त्याच पानात राहिलं. आणि ती बोलली तेव्हा आवाज एवढा मोकळा निघाला की तिसऱ्या रांगेतून दिग्दर्शकांनी मान वर केली.

“आईनं ठोका ‘तरि’वर दिला होता. ती चुकली नव्हती,” ती म्हणाली. “ती खूण तिची नाही. माझी आहे.”