दोन पावलं आणि एक फरफट

पिक्चरवाल्यांचं डोकं ठिकाणावर नसतं, हे मी गेली तीस वर्षं सांगतोय. नट बर्फात लोळून रडतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि त्या बर्फाचा आवाज? तो मी काढतो, बिनखिडकीच्या खोलीत बसून, मक्याच्या पिठाचं गाठोडं चुरडत. हाड मोडायचं असलं की गाजर, कातडी फाटायची असली की ओला चामड्याचा तुकडा. पडद्यावर माझं नाव येईपर्यंत लोक गाड्या काढायला गेलेले असतात. जाऊ दे.

माझा हट्ट एकच. जो आवाज स्वतःच्या कानांनी ऐकलेला नाही, तो मी काढत नाही. सगळ्या धंद्याला हे ठाऊक आहे.

काचेपलीकडे रेकॉर्डिंगला वहिनी बसतात. आधी त्या खुर्चीवर त्यांचा नवरा बसायचा, माझा जिवाभावाचा दोस्त. बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघं लांडग्यांचे आवाज टिपायला जंगलात गेलो आणि परत मी एकटा आलो. वहिनींना सांगितलं, तो कड्यावरून घसरला, पडल्याबरोबर गेला, खाली नदी होती, काही हाती लागलं नाही. त्याला त्रास झाला नाही, एवढ्यावरच त्या बाईने बारा वर्षं धीर धरलाय. त्यातलं ‘घसरला’ एवढंच खरं. बाकीचं कळलं, तर त्या घराचं दार मला कायमचं बंद. रविवारी माझं ताट तिथेच असतं, आणि त्या घराशिवाय मला जगात कुणी नाही.

आणि आता हे पिक्चर आलं. दोन शिकारी, एकाचा पाय मोडतो, दुसरा त्याला मरायला टाकून जातो, आणि हा पठ्ठ्या रानातून खुरडत येऊन त्याचा गळा चिरतो. नको म्हणणार होतो. पण का नको, हे वहिनींनी विचारलं असतं.

सकाळचे अकरा वाजले असतील. लाल दिवा लागला. मी जुने बूट घालून दगडांच्या हौदात उभा राहिलो. हौद म्हणजे जमिनीत केलेला, दगडगोट्यांनी भरलेला चौकोनी खड्डा, खाट मावेल एवढा. पडद्यावर तो माणूस दोस्ताच्या झोपडीकडे निघाला. मी त्याच्या पायांवर नजर ठेवून चालू लागलो. दोन पावलं आणि एक फरफट. दोन पावलं आणि एक फरफट.

“झालं?” मी विचारलं.

स्पीकरमधून वहिनी म्हणाल्या, “भावजी, पुन्हा एकदा.”

पुन्हा चाललो. त्यांनी तिसऱ्यांदा चालायला सांगितलं. माझं टाळकं सरकलं. “अहो, काय चुकतंय ते सांगाल की नाही?”

“पडद्यावर त्याच्या हातात काठी नाहीये,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काठी टेकवताय.”

“मी? कसली काठी?”

त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. दोन पावलं, फरफट, आणि दगडावर धातूचा बारीक ठक्क. मी हात पाहिले. दोन्ही रिकामे होते.

“ह्यांच्या माइकच्या काठीला खालून पितळेची टोपी मीच बसवून घेतली होती,” वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी साधा, चहा हवा का विचारताना असतो तसा. “पडल्याबरोबर गेले म्हणालात ना? मग हे चालणं तुम्ही कधी ऐकलंत?”

त्या ठक्कपुढे खोटं टिकणार नव्हतं.

“पाय मोडला होता,” मी म्हणालो. “माइकची काठी टेकत माझ्यामागून येत होता. लांडगे जवळ आले होते, वहिनी. त्याच्या चालीने दोघंही मेलो असतो. मी घाबरलो. पळालो.”

“हाक मारली त्यांनी?”

“नाही. नुसता चालत राहिला. अंधार पडेपर्यंत ऐकू येत होतं.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त लाल दिवा पुन्हा लावला. “आता तुमचं वाजवा. तुम्ही पळालात ते.”

“वहिनी, पाया पडतो...”

“स्वतःच्या कानांनी ऐकलंय ना? मग वाजवा.”

मी पळू लागलो. त्या हौदात, जागच्या जागी, छाती फुटेस्तोवर. पाठीमागे खोलीत कुणी नव्हतं. पाठीमागून येत होतं: दोन पावलं, फरफट, ठक्क. आधी दूर होतं, मग भिंतीपाशी आलं.

काचेपलीकडे वहिनींनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबून धरले होते. त्या रडत होत्या, बारा वर्षांनी घरचं माणूस दारात आल्यावर रडावं तशा.

मी थांबलो. मागचं चालणं थांबलं नाही, आणि वहिनींनी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं.