मान-शिन गायची थांबली तेव्हा

मान-शिनच्या मागे उभी राहून मी वीसेक वर्षं गात आले. कोरसमधल्या बाया कोणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. घरभाडं निघायचं, गाणं व्हायचं, आणि मान-शिनसारखी बाई मैत्रीण म्हणून मिळाली होती. ती ऐन भरात असताना हाँगकाँगमध्ये अशी टॅक्सी नव्हती जिच्यात तिचं गाणं वाजत नव्हतं.

मग तिच्या नाकामागे कॅन्सरची गाठ निघाली. आम्हा दक्षिण चीनमधल्या कँटनी माणसांच्या मागे हा रोग हात धुऊन लागलेला असतो. माझे दोन मामा त्यानेच गेले. मान-शिन वाचली, पण किरणांच्या उपचारांनी तिच्या तोंडातली लाळ आटली, उजवा कान गेला आणि डावा अर्धामुर्धा उरला. कितीतरी महिने ती फक्त तांदळाची पेज गिळत होती, तीही रडत रडत.

डॉक्टरांनी सगळं स्वच्छ आहे म्हणून सांगितलं, त्याच दिवशी तिचा फोन आला.

"फुंग, आहेस का मेलीस?"

"तुझ्याइतकी चिवट नाही, पण आहे अजून."

"मग कपडे शिवायला टाक. दौरा काढतोय आपण. हाँगकाँग, मकाव, फोशान आणि पुढे जमेल तिथे."

दौऱ्याची सगळी जुळवाजुळव कार-होकडे होती. कार-हो तिचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हा मान-शिनने लग्नाच्या हॉलमधून गाऊन त्याला शिकवलं. पुढे तोच तिचं काम बघायला लागला. आजारपणात तिच्या उशाशी बसून चमच्याने पेज भरवणाराही तोच.

तालमी थोड्या विचित्रच झाल्या. कोरसला तो अगदी शेवटी बोलवायचा. "ताईला दमवायचं नाही," म्हणायचा. ती तालमीत नुसती गुणगुणायची, जोर लावायची नाही. कार्यक्रमात आम्ही सगळेच कानात छोटे इयरफोन घालून गातो. त्यांत जे सोडलं जातं तेवढंच आम्हाला ऐकू येतं. बाहेर हजारो लोकांना काय ऐकू येतंय याचा पत्ता नसतो. ते सगळं ध्वनियंत्रापाशी बसलेल्या जाड्या वोंगच्या हातात. जाड्या आमचा जुना माणूस, त्यामुळे शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

हाँगकाँगचा पहिला कार्यक्रम दणक्यात झाला. लोक उभे राहून रडत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात बसलो होतो. कोणीतरी टाकलेला व्हिडिओ मान-शिन डाव्या कानाशी फोन धरून पुन्हा पुन्हा ऐकत होती.

"फुंग, गाताना मला वाटत होतं, मी नुसती धडपडतेय. आणि हे ऐक! गाठ यायच्या आधीसुद्धा इतकं सरळ लागत होतं का गं?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कार-हो कपातला चहा ढवळत राहिला.

"ताई, पी आता. गार होतोय," एवढंच म्हणाला.

मकावचा कार्यक्रम रविवारी दुपारी होता. हॉल गच्च भरलेला. मान-शिनने मोतिया रंगाचा झगा घातला होता आणि दर गाण्यानंतर ती बाटलीतून घोटभर पाणी पीत होती. 'मिठाचा पूल' हे तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं सुरू झालं. शेवटच्या कडव्यात एक सूर असा चढतो की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकतो.

कडवं सुरू होताच तिने कानाला हात लावला. इयरफोन बंद पडला असावा. तिने तो उपसून काढला आणि गात गातच मान वळवून डावा कान हॉलकडे केला.

मी तिच्या मागेच होते. तिची पाठ एकदम ताठ झालेली मला दिसली.

तो चढा सूर आला. तिचं तोंड कोरडं पडलं होतं, ओठ दातांना चिकटले होते. तिने तोंड मिटलं. माईक खाली केला, पार गुडघ्यापर्यंत.

आणि आवाज चालूच राहिला.

कानांवर विश्वास बसेना म्हणून मीही इयरफोन काढला. हॉलभर मान-शिन गात होती. भरदार, स्वच्छ, तो सूर ताणून धरत. आणि मान-शिन माझ्यासमोर तोंड मिटून उभी होती. तो आवाज मी ओळखला. ओळखणारच, तो ध्वनिमुद्रित झाला तेव्हा मी शेजारच्या माईकवर होते. तिला त्या दिवशी सर्दी झाली होती आणि या चढ्या सुरानंतरच्या ओळीआधी तिने नाक ओढलं होतं. ते तसंच राहून गेलं होतं, आणि आता हॉलभर ऐकू आलं. हे सगळं तिच्या आजारपणाच्या कितीतरी आधीचं.

कोरसमधली धाकटी पोरगी माझा दंड घट्ट धरून "हे काय, हे काय" असं पुटपुटत होती. हॉलमध्ये आधी कोणीतरी फिदीफिदी हसलं. मग एकेक फोन वर झाला आणि सगळे चिडीचूप. त्या शांततेत ते गाणं आणखी एक ओळ गायलं, मग जाड्याला सुचलं आणि त्याने ते तोडलं.

वरच्या रांगेतून एका बाईने हाक मारली, "मान-शिन, काय झालं गं?"

तिने माईक वर केला. आता जो आवाज आला तो खरा होता. जाडसर, नाकात अडकलेला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

पडदा पाडला. लोक बाहेर ओरडत होते. कपडे बदलायच्या खोलीत मान-शिन आरशाकडे पाठ करून बसली. कार-हो दारात उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक.

"कोणी केलं?" तिने विचारलं.

"मी."

तिला बहुधा दुसरं कुठलं तरी नाव ऐकायचं होतं.

"हाँगकाँगलाही?"

"हो. आणि तुझ्या कानातही. तुझ्या आवाजात तुझाच जुना आवाज मिसळून सोडत होतो. म्हणजे तुला वाटावं..."

"काय वाटावं?"

"सूर लागतोय असं." तो दार सोडून पुढे आला. "लागत नाही, ताई. तालमीच्या पहिल्याच दिवशी कळलं. सांगणार कसं? पेज घशाखाली उतरत नव्हती तेव्हा तू एकच म्हणायचीस, मी पुन्हा उभी राहीन. मी काय सांगायचं होतं, उभी राहा पण गाऊ नकोस?"

"हो. तेच सांगायचं होतंस."

मग ती उठली आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या जाड्याकडे वळली. "जाड्या, माझ्या माईकचं वेगळं मुद्रण होतं ना? लाव ते. बाहेर, हॉलमध्ये."

"ताई, आज नको," जाड्या म्हणाला. तो रडत होता.

"लाव म्हणते ना."

हॉल रिकामा झाला होता. ती पहिल्या रांगेत डावा कान स्पीकरकडे करून बसली. तिचा खरा आवाज सुरू झाला. अंधारात भिंत चाचपत चालावं तसा तो सूर शोधत होता. सापडला की सुटायचा. काही ओळींत तर चाल ओळखूच येत नव्हती. मी खाली बघत होते.

"फुंग, हे कोण आहे?"

मला वाटलं ती रागाने विचारतेय. वर पाहिलं तर तिला खरंच कळलं नव्हतं.

"तू आहेस," मी म्हणाले.

तिने तोंडावर हात दाबला. गाणं संपेपर्यंत काढला नाही. मग वळून भावाला म्हणाली, "मी अजून जिवंत आहे ना, कार-हो? मग माझ्या जागी त्या जुन्या मान-शिनला का उभं केलंस?"

त्या दिवसापासून तो दौऱ्यात नव्हता.

वर्तमानपत्रांनी तिला लबाड म्हणून सोलून काढलं. आयोजक म्हणाले, आजारी आहे म्हणून जाहीर करा आणि फोशान रद्द करा. ती हटून बसली. आम्ही सगळी गाणी खालच्या पट्टीत उतरवली, वाद्यांपैकी फक्त पियानो ठेवला. सूर घसरला तर तिला कळावं म्हणून मी तिचा हात धरून उभी राहायचे. ती खाली गेली की मी बोट वर दाबायचे. कार-हो रोज मला फोन करायचा. "झोपते का ती?" मी म्हणायचे, "तूच विचार." तो म्हणायचा, "माझा फोन उचलत नाही."

फोशानला तिने सुरुवातीलाच सगळं सांगितलं. भावाचं नाव घेतलं नाही. "आमच्याकडून झालं" म्हणाली. बरेच लोक उठले, खुर्च्यांचे फाडफाड आवाज झाले. मग मधल्या रांगेतला एक माणूस उभा राहून ओरडला, "आम्ही तो जुना आवाज ऐकायला आलोय! तोच लावा!"

मला वाटलं, लोक त्याला खाली बसवतील. कुठलं काय! आणखी दहाजण ओरडले, मग अख्खी बाजू. "लावा! लावा!" तिची खरी चाहती माणसं ती, तिच्या तोंडावर तिच्याऐवजी तिचं मुद्रण मागत होती. पियानोवाल्याने कळांवरून हातच उचलले. मी तिच्याकडे बघायलाही धजले नाही.

"जाड्या," ती माईकमध्ये म्हणाली, "लाव."

ती मंचाच्या काठावर पाय सोडून बसली, स्पीकरकडे कान लावून. 'मिठाचा पूल' सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजलं. ओरडणारे हळूहळू गप्प झाले, कारण गाणं ऐकायचं सोडून सगळे तिचा चेहरा बघत होते. संपल्यावर कोणालाच टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना.

"चांगली गायची, नाही?" ती म्हणाली. "मलाही फार आवडायची. आता जी उरलीय ती गाणार आहे. जायचंय त्यांनी आत्ता जा. मधेच उठलात तर दिसेल मला, डोळे धड आहेत माझे."

थोडे हसले. थोडे गेलेही. ती तासभर गायली, कधी सुरात, कधी नाही. दुसऱ्या गाण्यात ती अशी घसरली की माझ्या बोटाचाही उपयोग झाला नाही. तो ओरडणारा माणूस पुढे येऊन कठड्याला टेकून, हाताची घडी घालून शेवटपर्यंत उभा होता. त्याने टाळी वाजवली नाही, पण गेलाही नाही.

पुढचे मोठे कार्यक्रम रद्द झाले. लहान सभागृहं मात्र मिळत राहिली. नव्या वर्षाला मी तिच्याकडे जेवायला गेले, तर कार-हो संत्र्यांची पिशवी घेऊन जिन्यात उभा. बेल वाजवायचा धीर होत नव्हता त्याला. मीच वाजवली. मान-शिनने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बूट बाहेर काढ."

आम्ही जेवायला बसलो. मग तिने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"परवाच्या कार्यक्रमाला शेवटच्या रांगेत तूच होतास ना?"

"हो."

"कसं झालं?"

कार-होने घास गिळला, माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पहिलं बरं झालं, ताई. दुसरं साफ घसरलं."

"किती?"

"खूप."

मग उकडलेल्या माशाचा गालाजवळचा, सगळ्यात चवदार तुकडा तिने काढला आणि त्याच्या वाडग्यात ठेवला.