छत्तिसावा अंक

पत्रेवाल्याच्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात दोन पाळणे होते आणि झोप कुणाच्याच वाट्याला नव्हती. एकाला थोपटावं तर दुसरा भोकाड पसरी. त्यामुळे रविवारी सकाळी पत्रेवाला घरातून कधी सटकला हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही, आणि त्याला तेच हवं असायचं.

पत्रेवाला म्हणजे बादल्या, नरसाळी, रॉकेलचे डबे असल्या वस्तूंना कथलाचा डाग देऊन गळती बुजवणारा कारागीर. दुकान आता मुलाच्या हाती होतं. हा रविवारी जुन्या बाजारात भटकायचा, नाहीतर कुणाचं घर रिकामं होत असेल तर तिथल्या विक्रीला जाऊन उभा राहायचा. शोधायचा काय, तर चावीची पत्र्याची खेळणी आणि जुन्या चित्रकथा. खेळण्यांचं वेड धंद्यातून आलेलं. पत्रा कुठे वळवलाय, त्याची जीभ कुठल्या फटीतून काढून मुडपलीय, हे बघत तो तासन् तास बसे.

चित्रकथांचं कारण वेगळं होतं. अक्षरं त्याला उशिरा आली, बाविसाव्या वर्षी. तेव्हा तो डब्यांच्या कारखान्यात होता, तिथल्या एका सोबत्याने जेवणाच्या सुट्टीत ‘पाणबुड्या’ नावाच्या साप्ताहिक चित्रकथेवर बोट फिरवून ती शिकवली. पहिला अंक वाचायला त्याला महिना लागला, पस्तिसावा एका बैठकीत संपला. त्या पस्तिसाव्या अंकाच्या शेवटी पाणबुड्या बुडालेल्या जहाजात उतरतो, मागून लोखंडी दार धाडकन लागतं, हवेची नळी दाराखाली चिमटते आणि वर बोटीवर पंप मारणाऱ्या डावखुऱ्या खलाशाचा हात थकतो. छत्तिसावा अंक शेवटचा, असं सगळे म्हणत. तो फार थोडा छापला गेला आणि पत्रेवाल्यापर्यंत कधी पोचलाच नाही. पाणबुड्या चाळीस वर्षं तसाच पाण्याखाली होता. कुणी शेवट सांगायला लागलं की पत्रेवाला कानांत बोटं घालायचा. आपण पहिल्यांदा वाचायला घेतलेली गोष्ट आपणच वाचून संपवायची, हा त्याचा हट्ट होता.

आणि या हट्टावर टपून बसलेला माणूस घरातलाच होता. बायकोचा धाकटा भाऊ. तीस वर्षं टपालाच्या खिडकीमागे बसून शिक्के मारल्यामुळे त्याला सगळे शिक्केमास्तर म्हणत. बोलतानाही तो वाक्याच्या शेवटी टेबलावर मूठ आपटायचा. जुन्या वस्तूंचा नाद त्यालाही होता, पण त्याची जात निराळी. भावोजींना जे हवं ते आपल्याकडे असावं, एवढाच त्याचा छंद.

जुन्या बाजारातल्या मंडळींचा एक नियम होता. ढिगावर ज्याने पहिला हात ठेवला, त्याचा ढीग. सौदा होईपर्यंत दुसऱ्याने बोटही लावायचं नाही. पण हात उचलला, मग तो शिंकायला उचललेला का असेना, की हक्क गेला. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण त्यावरून भांडण झाल्याचंही कुणाला आठवत नव्हतं.

तर त्या वर्षी एका दातांच्या डॉक्टरांचं घर रिकामं होत होतं. डॉक्टर म्हातारे होऊन लेकीकडे राहायला गेले होते आणि लेक सामान विकायला आली होती. पत्रेवाला आठलाच पोचला. दातांच्या डॉक्टरकडे पोरं रडतात, त्यांना गप्प करायला खेळणी आणि चित्रकथा ठेवलेल्या असणार, हा त्याचा हिशेब. तो बरोबर निघाला. बसायच्या खोलीत भिंतीलगत एक बुटकं फडताळ होतं आणि त्याच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात सुतळीने बांधलेला गठ्ठा. पत्रेवाल्याने एक गुडघा टेकला, मान वाकडी केली आणि कडा मोजल्या. ‘पाणबुड्या’च्या प्रत्येक अंकाच्या कडेला निळी पट्टी आणि आकडा असायचा. तळाशी छत्तीस होता.

त्याने गठ्ठ्यावर हात ठेवला.

“दहाच्या आधी मी काही विकणार नाही,” डॉक्टरांची लेक म्हणाली. “माझा भाऊ येऊ दे. मागाहून कटकट नको.”

“मी थांबतो.”

“असे? गुडघ्यावर?”

“मला सवय आहे,” पत्रेवाला म्हणाला. त्याला अजिबात सवय नव्हती.

साडेआठला शिक्केमास्तर आला. दारातूनच त्याने फडताळासमोर ओणवा झालेला भावोजी पाहिला, हात पाहिला, हाताखालची निळी पट्टी पाहिली. मग तो सावकाश आत आला आणि डॉक्टरांच्या खुर्चीत ऐसपैस बसला. ती खुर्ची विक्रीला म्हणून याच खोलीत आणून ठेवली होती. पायाशी असलेली कळ दाबली की वर जायची, सोडली की खाली यायची. शिक्केमास्तर वर गेला, खाली आला.

“भावोजी, झोप झाली नाही का? डोळे सुजलेत.”

“घरात दोन पाळणे आहेत, मेहुणे.”

“मग जरा पाठ टेकायची. ही खुर्ची फार मऊ आहे.”

“तुम्हीच टेका.”

शिक्केमास्तर पुन्हा वर गेला. वरून म्हणाला, “बाई, चहा मिळेल का? माझ्या भावोजींना बशीतूनच प्यायची सवय आहे. दोन्ही हात लागतात.”

बाईंनी चहा आणला. पत्रेवाल्याने डाव्या हाताने कप उचलला, तोंड पोळलं, पण उजवा हात हलवला नाही. बाई आता स्टूल घेऊन बसल्या. त्यांना मजा वाटायला लागली होती.

“हे काय चाललंय?” त्यांनी विचारलं.

शिक्केमास्तरने त्यांना नियम समजावून सांगितला. “हात उचलला की हक्क संपला. तुम्ही साक्षीदार.” त्याने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली.

पुढचा तासभर त्याने जंग जंग पछाडलं. भावोजींच्या खांद्यावर कोळी चढतोय, असं सांगितलं. पाकीट जमिनीवर पडलंय, असं सांगितलं. खाली रस्त्यावर कुणी तरी तुमच्या नावाने हाका मारतंय, असंही सांगितलं. पत्रेवाला ढिम्म हलला नाही. एकदा त्याच्या पायाला मुंग्या आल्या आणि तो हात न उचलता दुसऱ्या गुडघ्यावर सरकला, तेव्हा बाईंनी टाळ्याच वाजवल्या. पत्रेवाल्याला बरं वाटलं. वीस मिनिटं उरली होती.

तेवढ्यात शिक्केमास्तरने कोपऱ्यातलं खोकं उपसलं आणि त्यातून पत्र्याची आगीच्या बंबाची गाडी काढली. लाल रंगाची, चावीची, वर उचलणारी शिडी असलेली. पत्रेवाल्याने मान वळवली. असली गाडी त्याने एकदाच पाहिली होती, तीही मोडकी.

“गंज धरलाय,” शिक्केमास्तर म्हणाला.

“तो गंज नाही. धूळ आहे. जपून धरा.”

“नाही हो, गंजच. आपण साफ करून टाकू. लखलखीत पत्रा निघेल खालून.”

“मेहुणे, तो रंग छापील आहे. गेला की गेला. हात लावू नका.”

“मी काय अडाणी आहे का?” असं म्हणत शिक्केमास्तरने डॉक्टरांच्या ताटलीतून दात खरवडायचा आकडा उचलला आणि पाठ फिरवली. मग आवाज आला. कर्र. कर्र. पत्र्यावर पोलाद घासल्याचा तो आवाज पत्रेवाल्याने जन्मभर ऐकला होता. त्याला दुसऱ्या कशाचा आवाज कसा वाटेल? तो ताडकन उठला, दोन ढांगांत खोली ओलांडली आणि मेहुण्याचं मनगट धरलं.

गाडी शिक्केमास्तरच्या मांडीवर सुखरूप होती. तो आकडा रिकाम्या ताटलीवर घासत होता.

“उचलला,” तो शांतपणे म्हणाला, मनगट सोडवून घेतलं, गाडी भावोजींच्या हातात दिली आणि चार पावलं चालत जाऊन गठ्ठ्यावर हात ठेवला. “बाई?”

“उचलला खरा,” बाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं, पण हसूही आवरत नव्हतं. “मी पाहिलं.”

पत्रेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नियम तो नियम. दहाला बाईंचा भाऊ आला, सौदे झाले. बंबाची गाडी पत्रेवाल्याने घेतली आणि गठ्ठा घेऊन शिक्केमास्तर जिन्यात बसला. छत्तिसावा अंक काढून त्याने तिथेच वाचला. सोळाच पानं होती. वाचून झाल्यावर त्याने अंक उलटून मागचं कव्हरही वाचलं. मग अंक पिशवीत सरकवला आणि म्हणाला, “भावोजी, काय शेवट आहे म्हणून सांगू.”

“एक अक्षर बोलू नका.”

“बरं, नाही सांगत. पण बिचारा.”

‘बिचारा’ ऐकून पत्रेवाल्याला दोन दिवस जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी बाजारात शिक्केमास्तरने गाठलंच. कानांत बोटं घालायच्या आत त्याने सांगून टाकलं की पाणबुड्याने हेल्मेट फोडलं आणि तो पोहत वर आला. पत्रेवाला कपाळाला हात लावून बसला. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र शिक्केमास्तर म्हणाला की जहाजातल्या एका पेटीत कप्तानाची बायको निघाली आणि तिने दार उघडलं. त्याच्याही पुढच्या वेळी दार एका देवमाशाने उघडलं. पत्रेवाल्याच्या लक्षात आलं की मेहुणा थापा मारतोय. खरा शेवट अजून शाबूत होता. त्याला हायसं वाटलं आणि रागही आला, आणि तो घरी येऊन बायकोपाशी इतक्या मोठ्याने बडबडला की दोन्ही पाळणे एकदम जागे झाले.

असे सात रविवार गेल्यावर बायकोने पदर खोचला. दुपारी भावाकडे गेली, बाळांच्या दुपट्यांची पिशवी घेऊन. परत आली तेव्हा दुपट्याच्या घडीत छत्तिसावा अंक होता.

“वाचा एकदाचा आणि गप्प बसा,” ती म्हणाली. “तो अंघोळीला गेला होता. संध्याकाळी परत ठेवून येते. त्याला पत्ता लागता कामा नये.”

“चोरून आणलास?”

“बहिणीने भावाच्या घरातून आणलं तर त्याला चोरी म्हणत नाहीत. वाचताय की परत नेऊ?”

पत्रेवाला माजघरात दार लोटून बसला. पहिल्या पानावर बोट ठेवलं. आता बोटाची गरज नव्हती, पण ठेवलं. हवेची नळी चिमटलेली. खलाशी थकलेला. पाणबुड्या दाराला खांदा देतो. पाचव्या पानावर दार इंचभर हलतं. दहाव्या पानावर पुन्हा बसतं. सोळाव्या पानावर पाणबुड्या हेल्मेटच्या काचेतून सरळ वाचणाऱ्याकडे बघतोय, आणि खाली लिहिलेलं, ‘पुढील अंकी’. मागच्या कव्हरावर छोट्या चौकटीत छापखान्याची सूचना होती. छापखाना विकला गेला असल्याने हा अंक शेवटचा, वाचकांनी क्षमा करावी.

त्याने सूचना तीनदा वाचली. अंक उलटा करून झटकलाही, जणू एखादं पान आत चिकटून राहिलं असेल.

“संपला?” बायकोने बाहेरून विचारलं.

“वाचला.”

“काय झालं त्याचं?”

“अजून आतच आहे,” पत्रेवाला म्हणाला.

बायकोला वाटलं, नेहमीसारखं काही तरी बोलतोय. तिने अंक दुपट्यात गुंडाळला आणि नेऊन जागच्या जागी ठेवला.

रविवारी पत्रेवाला बाजारात गेला तेव्हा कानांत बोटं नव्हती. जुन्या कुलपांच्या ढिगाशेजारी शिक्केमास्तर उभा होता. त्याने सुरुवात केली. या खेपेस वरचा खलाशी हातात करवत घेऊन पाण्यात उडी मारतो आणि दार कापतो. एरवी पत्रेवाला चिडून निघून गेला असता. तो थांबला.

“कुठल्या हाताने कापतो?”

“आं?”

“खलाशी डावखुरा आहे. चौतिसाव्या अंकात दाखवलंय. आणि दाराची कडी उजवीकडे. डाव्या हाताने तिथे करवत कशी चालेल?”

शिक्केमास्तरने ढिगातलं एक कुलूप उचलून उलटसुलट केलं. “ते पुढच्या पानावर आहे,” तो म्हणाला. “पुढच्या रविवारी सांगतो.”

“आणि तो पाण्यात गेला, तर वर पंप कोण मारतंय?”

“तेही पुढच्या पानावर.” आणि शेजारच्या टेबलावर मूठ आपटली.

त्या आठवड्यात शिक्केमास्तर वाचनालयात जाऊन पाणबुड्यांवरचं जाडजूड पुस्तक घेऊन आला, हे बायकोला भावजयीकडून कळलं. रात्री जेवताना तो तोंडातल्या तोंडात काही तरी जुळवत बसतो, असंही कळलं. रविवारी तो वहीत टिपणं काढूनच आला. पंपावर आता स्वयंपाकी बसला होता. पत्रेवाल्याने स्वयंपाक्याला किती दिवस पगार मिळाला नव्हता ते विचारलं. त्याच्या पुढच्या रविवारी पगाराचं सगळं प्रकरण निघालं, त्यात एक दुष्ट भागीदार निघाला, भागीदाराला बहीण निघाली. लोखंडी दार कापताना कुठली पात वापरावी यावर दोघांचं तीन रविवार वाजलं, कारण तिथे पत्रेवाल्याला खरंच माहिती होती आणि तो ऐकून घेईना.

“भावोजी, अंकात जे आहे ते मी सांगतोय.”

“अंकात चूक असेल.”

“छापलेलं चुकीचं असतं का?”

“चित्रकाराने कधी पत्रा कापला नसेल. कानशीने करायचं काम आहे ते. पुन्हा वाचून या.”

“बरं, पुन्हा बघतो,” शिक्केमास्तर म्हणाला, आणि पुढच्या रविवारी अंकात कानस होती.

बाजारातली इतर मंडळी आधी हसली, मग जवळ येऊन ऐकायला लागली. जुनी कुलपं विकणारा तर पाणबुड्या आठवडाभर काय खातो, याची काळजी करू लागला. पत्रेवाल्याने त्यांना कधी काही सांगितलं नाही. बायकोनेही एकदाच विचारलं, “अजून संपला नाही का तो अंक?”

“लांबलचक आहे,” पत्रेवाला म्हणाला.

सोळा पानांचा अंक चार वर्षं पुरला. पाणबुड्या दाराबाहेर आला होता, पण वर यायचा दोर भागीदाराच्या बहिणीच्या हातात होता आणि ती कुणाच्या बाजूची, हे शिक्केमास्तरने सांगितलेलं नव्हतं. शिक्केमास्तर फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, सोमवारी सकाळी, छातीच्या दुखण्याने वारला. तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता.