सहावे उपकरण

३ फेब्रुवारी, पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटे. राऊटरला जोडलेली उपकरणे : सहा.

माझ्या हिशेबाने ती पाच असायला हवी होती. माझा फोन, संगणक, टीव्ही, प्रिंटर आणि पत्नीचा टॅबलेट. ती जाऊन तीन वर्षे झाली. टॅबलेट मी दर रविवारी चार्ज करतो. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा बारा अक्षरी पत्ता असतो. वही घेऊन मी घरातल्या प्रत्येक पडद्यापाशी गेलो आणि पाचही पत्ते ताडून पाहिले. सहाव्याचा मेळ बसेना. कोणीतरी फुकटात घुसले आहे, असे मी धरले. राऊटरमध्ये ‘फक्त यादीतील उपकरणांना परवानगी’ हा पर्याय निवडला, पाच पत्ते भरले, जतन केले. काम चोख झाल्याचे समाधान घेऊन सहा वाजता किटली लावली.

सहा पन्नासला मुलीचा फोन. एरवी तो महिन्यातून एकदा, रविवारी येतो.

“बाबा, बरं आहे ना तुम्हाला? आज चहा नाही केलात?”

“केला आणि संपवलाही. तुला तिथे बसून कसं कळतं?”

“मागच्या खेपेला किटलीचा प्लग बदलला होता ना मी? तो वायफायवरचा आहे. किटली लागली की माझ्या फोनवर दिसतं. आज तो बंदच दाखवतोय.”

“जुना प्लग तापतो म्हणाली होतीस.”

“खरं सांगितलं असतं तर लावू दिला असतात?”

तिचे बरोबर होते. प्लगला पडदा नसतो. तो मी उपकरणांत धरलाच नव्हता. वर्षभर रोज सकाळी तिला माझी खुशाली कळत होती, म्हणून फोनची गरज उरली नव्हती.

“त्याचा पत्ता पाठवते. यादीत घाला.”

“घालतो.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा पन्नास. “अजून बंद दिसतोय.”

“बघतो आहे.”

“चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंज सांभाळलंत, आणि एक ओळ भरायला दोन दिवस?”

“त्या काळी अर्ज आणि चौकशी झाल्याशिवाय जोडणी मिळत नसे.”

ती हसली. पाचव्या दिवशी मात्र हसली नाही. “बाबा, मुद्दाम नाही ना घालत?”

पत्ता माझ्यासमोर, वहीत, सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता. “वहीत उतरवून ठेवला आहे,” मी म्हणालो.

“वहीत,” ती म्हणाली. मागे तिच्या घरातले नळाचे पाणी वाहत होते. मग, “चहा झाला?”

“झाला.”

“बरं. उद्या करते.”

९ फेब्रुवारी, सकाळी सात. परवानगी असलेली उपकरणे : पाच. आठवड्यातील फोन : सात. एकूण संभाषण : एकोणीस मिनिटे.