दिव्याच्या सावलीतली लोंबी

"बियाण्यात खोट हाय तुज्या, काळूराम! सख्ख्या भनीच्या घराला फसवलंस!"

अनंता बांधावरून ओरडत होता. त्याचा मेहुणा काळूराम खाली चिखलात उकिडवा बसून भाताच्या रोपाचा एक दांडा नखाने चिरत होता. पानात पान, पानात पान. पोटात लोंबीचा मागमूस नव्हता.

"खोट बियाण्यात आसती, तर माज्या शेतात लोंब्या कशा लवल्यात, भावोजी? एकाच पोत्यातलं भात. अर्दं तुमी न्हेलं, अर्दं मी पेरलं."

"मग माज्याच शेताला पोटुशी राहायला लाज वाटते काय?"

"ते शेताला इचारा. नायतर आरशात बगा. खत कवा टाकलंव, पानी कवा सोडलंव..."

"मना शेती शिकवतंस? जल्ला, तुज्या लग्नात मांडवाचे बांबू मी उभे केले!"

"आनि ते पडले बी!" काळूराम म्हणाला आणि पाय धुवायला ओहोळाकडे निघून गेला.

दसरा तोंडावर आला होता. पाड्याचं भात पिवळं पडून माना टाकू लागलं होतं आणि अनंताचं शेत मात्र पोपटासारखं हिरवंगार, कमरेला लागेल एवढं उंच. वाटेने जाणारा म्हणायचा, वा, काय शेत आहे! पण हात घालून बघावं तर नुसता पेंढा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

दुसऱ्या कुणाचं शेत असतं तर एका घरापुरतं रडणं झालं असतं. पण हे शेत गावदेवीच्या देवळाला लागून. अनंताच्या पणज्याच्याही आधीपासूनची रीत अशी, की दसऱ्याच्या सकाळी या शेतातली लोंबी देवीच्या दाराला बांधायची. ती बांधली, की मग प्रत्येक घराच्या दाराला बांधायची आणि त्यानंतरच भाताला विळा लावायचा. तोवर कुणाचं भात गळून पडलं तरी हात लावायचा नाही. म्हणून पाड्याचे डोळे या शेताकडे लागलेले. येणारा जाणारा विचारायचा, "अनंता, निसवलं का? लोंबी भाईर पडली का?" आणि अनंता म्हणायचा, "निसवंल, निसवंल."

त्या दिवशी भांडण संपल्यावर त्याची बायको भागी गवताचा भारा बांधायला उत्तरेच्या बांधावर गेली. तिथे एक जुनी जांभूळ आहे. थोड्या वेळाने तिची हाक आली.

"आवो! हितं या. हितं लोंबी हाय!"

अनंता चिखल तुडवत धावला. खरंच, जांभळीच्या बुंध्यापासून शेतात एक पट्टा निसवलेला होता. लोंब्या भरलेल्या, पिवळ्या होऊ लागलेल्या. पट्टा सरळही नव्हता. आधी बुंध्याएवढा अरुंद, मग फांद्यांसारखा पसरत गेलेला. जणू कुणी झाड आडवं पाडून त्याच्याभोवती रेघ ओढली होती.

"झाडाच्या सावलीत पिकलंय," अनंता म्हणाला. "सावलीत कदी भात पिकतं काय गं? उनात नाय नि सावलीत पिकतं?"

भागीने डोक्यावरचा पदर मागे केला. आधी सूर्याकडे बघितलं, मग झाडाकडे.

"उनाची सावली या अंगाला कवा पडते? ती तिकडं पडते, देवळाकडं नायतर त्या यार्डाकडं. ही सावली उनाची नाय. ही त्याची हाय." तिने हात केला.

जांभळीच्या मागे, पत्र्याच्या कुंपणापलीकडे, कंटेनरच्या यार्डाचा खांब उभा होता. लांबून कर्नाळ्याचा सुळका दिसतो ना, त्याच्याही वर डोकं काढून उभा असल्यासारखा. टोकाला दिव्यांचं कडं. दिवस मावळला की ते पेटायचं आणि उजाडेपर्यंत शेतात पडलेली सुई दिसायची. भाताला रात्र म्हणून कळलीच नव्हती. रात्र नाही तर ऋतू कसा कळणार? भात आपलं पावसाळाच आहे असं समजून वाढत राहिलं होतं.

अनंता मटकन बांधावर बसला. कारण वैशाखात त्या खांबाच्या पायाशी नारळ फोडला होता तो त्यानेच.

झालं होतं असं. गेल्या वर्षी त्याची वहिनी गंगाबाई काळोखात हायवेवरून घरी येताना शेतापलीकडच्या पायवाटेवर तिला घोणस चावली. जगली, पण पाय अजून ओढत चालते. पाड्यातल्या बाया खारघरच्या टॉवरांत धुणीभांडी करून दिवेलागणीनंतर त्याच वाटेने येतात. म्हणून यार्ड झालं तेव्हा गावानेच अर्ज केला होता, तुमचा एक दिवा आमच्या वाटेकडे वळवा. यार्डवाल्यांनी वळवला. गावाने पेढे वाटले. मानकरी म्हणून अनंताने नारळ फोडला, आणि दिवा वाटेकडे जाताना मधे कुणाचं शेत लागतं, हे त्यालासुद्धा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो यार्डाच्या फाटकाशी गेला. फाटकावर पाड्यातलाच अंकुश, निळ्या गणवेशात. त्याने आतून साहेबाला बोलावून आणलं. देवेश नावाचा तरुण माणूस, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड.

"बोला काका."

"सायेब, तुमचा दिवा माज्या भाताला लागतो."

"लागतो म्हणजे? गरम होतं का?"

"निसवत नाय. काळोख लागतो त्याला. आता जरी बंद केलात तरी दिवाळीपातुर लोंबी धरंल. जमिनीत वल हाय."

देवेशने मान हलवली. चेष्टा नाही केली, हे खरं सांगायला पाहिजे. "काका, मी समजू शकतो. पण लाईट आमच्या जागेत आहे, शेत तुमच्या जागेत. आम्ही तुमच्याकडे कचरा टाकत नाही, पाणी सोडत नाही. नुसता उजेड पडतो. उलट गावाला फुकट मिळतोय."

"मना नको फुकट. एका अंगाला पत्रा तरी मारा."

"सिक्युरिटीचा प्रश्न आहे, कॅमेरे आहेत. आणि तो दिवा आमच्या कामाचा नाहीच मुळात. गावाच्या अर्जावरून वळवलाय. गावाने सांगितलं तर लगेच फिरवतो. गावाचं लेटर आणा, झालं."

फाटक लागलं. अंकुश आतून हळूच म्हणाला, "काका, गावाला सांगू नका हां की मी सायेबाला बोलवून दिलं."

कुणाची म्हैस नि कुणाला ऊठबैस. माल परदेशचा, यार्ड मुंबईवाल्याचं, वाट गावाची, आणि उपाशी राहणार अनंताचं जातं.

घरी भागीने तांदूळ निवडता निवडता तोड काढली. "जांभळीखालची लोंबी कुनाला दाखवू नका. सांगा, शेतात लोंबीच नाय. देवीच्या दाराला काय बांधनार? विळा कसा लावनार? गावाचं भात अडलं ना, की गावच जाऊन दिवा फिरवंल."

"गावाला अडवायचं?"

"गावानं तुमाला नाय अडवलंय?"

संध्याकाळी देवळापुढे गाव बसलं. अनंता उभा राहिला आणि म्हणाला, "यार्डाच्या दिव्यापायी औंदा माज्या शेतात लोंबी नाय. दिवा फिरवा, नायतर मान मोडला."

गलका झाला. कुणी म्हणालं फिरवू या, कुणी म्हणालं देवीचा कोप. मग मागच्या बाजूने गंगाबाई उठली. पाय ओढत पुढे आली.

"भावोजी, दिवा फिरवा. खुशाल फिरवा. मना एकदा चावली, मी मेली नाय. आता दुसरीला चावू दे." तिने बायांच्या घोळक्याकडे बोट केलं. "सांगा, कुनाच्या पोरीला पाठवताय काळोखातनं?"

अनंताने मान खाली घातली. आपलेच दात, आपलेच ओठ.

तेवढ्यात अंकुशने तोड सांगितली. "एवडं काय त्यात? पनवेलच्या बाजारात दसऱ्याला झेंडूबरोबर भाताच्या लोंब्या इकायला येतात. जुडीच्या जुडी. मी घेऊन येतो. देवीला काय, लोंबी ती लोंबी."

गावाचा जीव भांड्यात पडला. म्हातारेकोतारे कुरकुरले, पण भात प्रत्येकाचं गळायला आलं होतं आणि आभाळ कर्नाळ्याकडून काळं होत होतं. ठरलं. सभा उठली. अनंताकडे कुणी रागाने बघितलं नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं. ज्याच्यावाचून अडेल असं वाटत होतं, त्याच्यावाचून काही अडलं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी अंकुश जुडी घेऊन आला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, वर रबर लावलेलं. लोंब्या वाळून तारेसारख्या झालेल्या. कुठल्या मुलखातलं भात, कुणी कापलं, देव जाणे. हात लावला की दाणे गळत होते. त्याने ती देवीच्या उंबऱ्यावर ठेवली. पुजारी सुतळी शोधू लागला.

अनंता लांब उभा होता. त्याच्या कमरेला विळा होता. तो शेताकडे वळला तशी भागीने हात धरला.

"नका. आज बांदलीत, तर उद्यापासून तोंड उगडायला जागा नाय."

"ठाव हाय."

"ठाव हाय तर?"

"एकदा बाजारातली बांदली ना भागी, की पुढच्या साली कुनी या शेताकडं बगायचं बी नाय. मग हितं कायबी पडो, दिवा पडो नायतर डोंगर."

भागीने हात सोडला. तो जांभळीखाली गेला. मूठभर मूठभर करून लोंब्या कापल्या, ओल्या, जड, हाताला चिकटणाऱ्या. आंब्याच्या डहाळीबरोबर बांधून देवीच्या दाराला लावल्या. ढोल वाजला. पोरीबाळींनी उरलेल्या लोंब्या घरोघर नेल्या. गंगाबाईने आपल्या दाराला बांधली, डोळे पुसले आणि म्हणाली, "देवी पावली गं बाय."

आणि मग सुरू झालं. एक म्हणाला, "लोंबी नाय म्हनत होता, ही काय आबाळातनं पडली?" दुसरा म्हणाला, "दिव्याला उगाच बदनाम केला." काळूरामसुद्धा हसला. "म्हंजे बियाणं चांगलं व्हतं तर, भावोजी!"

अनंता सांगायला गेला, ही फक्त झाडाच्या सावलीतली आहे, चला, दाखवतो. पण कोण येतो? जो तो विळा घेऊन आपल्या शेताकडे पळत होता. आभाळ आलं होतं.

दुपारी देवेश मिठाईचा डबा घेऊन देवळात आला. दारावरच्या लोंबीचा मोबाईलवर फोटो काढला, मग अनंताच्या हिरव्यागार शेताचा काढला. "काका, काय सुंदर शेत आहे! ऑफिसला पाठवतो. आता तक्रार नाही ना?"

अनंताने डब्यातला एक पेढा उचलला आणि तोंडात टाकला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

सांजेला सगळा पाडा कापणीत वाकलेला होता. अनंता आणि भागी आपल्या शेताच्या बांधावर आले. उद्यापासून हे हिरवं कापून काळूरामच्या म्हशींना घालायचं, एवढंच काम उरलं होतं. जांभळीखालचा पट्टा आता नुसता धसकटांचा राहिला होता. थोड्या लोंब्या मात्र भागीने पदरात बांधून ठेवल्या होत्या, बियाण्याला.

सूर्य गेला. खांबावरचं कडं फडफडलं आणि पेटलं. वाटेवरून बायांचं हसणं ऐकू येऊ लागलं, बिनघोर. शेत पुन्हा दिवसासारखं लखलखलं.

अनंता शेतात उतरला आणि दिव्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याची लांब काळी सावली भातावर पडली.

"भागी," तो म्हणाला, "मी रोज असा उभा राह्यलो, तर किती भात पिकंल गं?"

भागीने आपली चप्पल बांधावर काढली, चिखलात उतरली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"तुमच्या एकट्याच्या सावलीत? सुपभर बी नाय व्हायचं," ती म्हणाली. "जरा सरका तिकडं."